सुहासिनीबाईंनी बटण एकदाच दाबलं

भाग्यश्री मुळातच भित्री. वाशीमहून पुण्यात येऊन चार वर्षं झाली, हिंजवडीत नोकरी लागली, तरी कुणी आवाज चढवला की हिचे तळहात ओले. पण दसऱ्याच्या सकाळी ती जशी घाबरली, तसं घाबरायची वेळ देवाने वैऱ्यावरही आणू नये.

तिची कंपनी आठ माणसांची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात एक बटण घालायचं, हा धंदा. बटण दाबलं की सर्व्हरवर निरोप येऊन रांगेत बसतो. त्या रांगेवर एक ट्रिगर सर्व्हिस डोळे लावून असते. निरोप आला रे आला की ती फोन लावणारं ॲप उठवते, आणि ॲप शेजाऱ्याला नि ड्युटीवरच्या माणसाला फोन करतं. साधं काम आहे. पण उठवणारीच झोपली, तर सगळा आनंदच!

आता खंडेनवमीची गंमत ऐका. मालक यज्ञेश्वरकाका जुन्या पुण्यातले. दरवर्षी खंडेनवमीला सर्व्हर बंद करायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. "वर्षभर राबतो बिचारा, पाच मिनिटं टेकू दे की." मालकांना कोण सांगणार? यंदा सर्व्हर पुन्हा चालू केला तेव्हा ट्रिगर सर्व्हिस आपोआप उठली नाही. भाग्यश्रीने ती स्वतःच्या लॉगिनमधून हाताने सुरू केली. चाचणीचा फोन वाजला, पेढे वाटले. घरी जाताना तिने शहाण्या मुलीसारखं लॉगआउट केलं. तिच्या नावाने सुरू झालेली सर्व्हिस तिच्यासोबतच बंद पडली, याचा तिला पत्ताच नव्हता.

दसऱ्याला ड्युटी तिचीच, ऑफिसात एकटी. नऊ वाजता तिने रोजच्यासारखं चाचणीचं बटण दाबलं. फोन वाजला नाही. तिने रांग उघडून पाहिली. दोन निरोप पडून होते. एक तिचा. दुसरा सकाळी सहा चाळीसचा, सुहासिनीबाईंचा. कसबा पेठ, वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या.

"अवं माय!"

तिने सर्व्हिस सुरू केली. हिरवा दिवा लागला, पण ॲप उठेना. पुन्हा बंद, पुन्हा चालू. ढिम्म. बोटं भलत्याच कळा दाबायला लागली. खरं तर त्या सर्व्हिसची खोडच अशी होती, की रिकाम्या रांगेत पहिला निरोप पडला तरच ती हलते, आधीच भरलेल्या रांगेकडे ढुंकूनही पाहत नाही. हे भाग्यश्रीला तोंडपाठ होतं. मुलाखतीत हेच सांगून तिने नोकरी मिळवली होती. भीतीने नेमकं तेवढंच डोक्यातून गेलं. वीस मिनिटं! वीस मिनिटं ती त्या मेल्या यंत्राशी झटत बसली, आणि मग टेबलावरच्या फोनकडे तिची नजर गेली.

"अगं भवाने, फोन तुलाही लावता येतो की!"

बाईंचा फोन नुसताच वाजत राहिला. तिने बाईंच्या खालच्या मजल्यावर तांब्याची भांडी घडवणाऱ्या दत्तोबा तांबटांना लावला.

"बटणवाले का? अहो, आत्ता आठवण झाली? बाई मोरीत पडल्या, मांडीचं हाड मोडलंय. दवाखान्यात आहोत आम्ही."

"जिवंत आहेत ना हो?"

"तोंड चालू आहे, म्हणजे आहेत." मग दत्तोबांचा आवाज उतरला. "बादलीवर तांब्या आपटत होत्या. आज हातोडे पूजेत आहेत, दुकान शांत, म्हणून आठला कानावर आलं. एरवी साडेसातलाच आमची ठोकाठोक सुरू होते, पोरी. ऐकूच आलं नसतं."

भाग्यश्रीने फोन ठेवला. आता कुठे तिचं डोकं चालायला लागलं. ॲप हाताने चालवून तिने रांग रिकामी केली, सर्व्हिस सर्व्हरच्या नावावर लावली, म्हणजे कुणी लॉगआउट केलं तरी ती झोपणार नाही, आणि बंद-चालू करून पाहिली. मग काकांना फोन करून सगळं सांगितलं. "हार मी घातला होता," ते म्हणाले, "मी बसतो ऑफिसात. तू जा." ड्युटीचा फोन घेऊन तिने दवाखान्यासाठी रिक्षा पकडली. वाटेत रडली.

सुहासिनीबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. पाय जखडलेला, गळ्यात बटण तसंच.

"काकू, तुमचा निरोप आला होता. फोन लागला नाही. चूक माझी आहे. आणि कळल्यावरही वीस मिनिटं मी यंत्रच दुरुस्त करत बसले."

"सहा चाळीस ते आठ. ऐंशी मिनिटं," बाई म्हणाल्या. "बटण द्यायला तूच आली होतीस ना? सांगून गेलीस, एकदाच दाबायचं, फोन येतोच. म्हणून एकदाच दाबलं मी. मग थंड फरशीवर वाट पाहत पडले."

"आता दुरुस्त केलंय," भाग्यश्री म्हणाली.

"असं?"

आणि बाईंनी बटण दाबलं.

भाग्यश्री हातातल्या फोनकडे पाहत राहिली. एक सेकंद. दोन. तीन. बाई छताकडे बघत होत्या, ओठ मिटलेले, आणि बटण त्यांनी मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. त्याही घाबरल्या होत्या. चार. पाच.

फोन वाजला. बाहेर व्हरांड्यात दत्तोबांचाही वाजला.

"ऐकू येतंय मला," सुहासिनीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता उचल तरी."

पण भाग्यश्रीचे हात इतके ओले झाले होते, की दोनदा बोट फिरवूनही फोन उचलला जाईना.