पदर झटकणारी

त्यानं माझा पदर धरला अन् भर धुऱ्यावर, वावराच्या बांधावर ओढला.

दर्यापूरकडचं पाटलाचं वावर. तूर सोंगून झाली होती. सोंगणी झाली की मागं पडलेल्या शेंगा बाया वेचतात. त्याले सरवा म्हणतात. सरवा वेचणारीचा असते, मालकाचा नाही. माझ्या आजीपासून हेच चालत आलं. त्या वर्षी पाटलाच्या डोळ्यात माझा सरवा खुपला.

"झटक पदर. तुमची जातच चोरटी."

"पाटील, सरवा हाय," मी म्हणलं.

त्यानं ढिगातली तुऱ्हाटी, तुरीची वाळकी काठी, उपसली. पाठीवर. दंडावर. तोंडावर. एक मोडली की दुसरी. कान फाटला. शेंगा मातीत सांडल्या, त्याच्यावर माझं रक्त. मंग तसंच उभं करून सगळ्या बायांसमोर त्यानं पदर झटकाले लावला.

अन् मी झटकला.

जखमा वाळल्या. हात मात्र बिघडला. कोणाच्याही घरातून निघाली, की दारात पदर झटकायची. पाहा बाप्पा, काही नेलं नाही! अकोल्याले भावाकडं गेली. त्यानं लुगडं नेसवलं, तेच लुगडं त्याच्या दारात झटकलं. वहिनी हसली, "काय वो ननंदबाई, उंदीर शिरला काय?" एसटीतून उतरतानाही झटकला. कंडक्टरले वाटलं, बाईचे फुटाणे सांडले.

काय शहाणी होती मी! मार त्यानं दिला, लाज मले. पाटलाले झडतीसाठी माणूस ठेवायची गरजच नव्हती. ही बया गावोगाव फुकटात झडती देत फिरे.

गंगू माझी निंदणातली जोडीदारीण. एकदा तिच्या दारात झटकून राहिली होती, तर तिनं मनगट धरलं.

"कोणाले दाखवून राहिली वो?"

तिच्या अंगणात सरव्याची तूर वाळत होती. सरवा घरीच काठीनं बडवतात. तिनं काठी माझ्या हातात कोंबली.

"बोल. अन् हाण."

आधी नुसतं हाणलं. शेंगा फुटल्या, दाणे उडाले. दात आवळून हाणलं. मंग तोंडातून निघालं, "त्यानं मले..." पुढचं काठीनं सांगितलं. तळहात सोलले. त्या ढिगात मी पाटलाले जागोजागी मोडला.

मी थांबली तवा गंगूनं काठी घेतली. "मले त्याच्या बापानं," म्हणली, अन् अशी हाणली की काठीच चिरली. इतकी वर्षं एका ओळीत निंदलं आमी, तिनं कधी सांगितलं नव्हतं.

मंग बाया येत गेल्या. कोणाले नवऱ्यानं उलथण्याचा चटका दिलेला, कोणाले सासूनं कोंडलेलं. जिच्या हाती काठी, ती बोलणार. बाकीच्यांनी ऐकायचं. "जाऊ दे वो" म्हणलं की अंगणाबाहेर. तूर संपली तरी बाया उठत नव्हत्या. नुसतं भुसकट बडवत. माझा हातही हळूहळू पदराले विसरला. कधी विसरे, कधी पुन्हा जाई.

औंदा, इतक्या वर्षांनी, पाटील खाटेवर पडला. त्याचा पोरगा दारात आला.

"आजी, बाबांचा जीव अडकून राहिला. तुमचंच नाव घेतात. घोटभर पाणी पाजा, माफ केलं म्हणा."

"माझा पदर झटकून पाह्य, माफी पडते काय," मी म्हणलं.

पण गेली मी. गंगूले संग घेऊन गेली. पाटलाचं हाडूक झालं होतं. त्यानं हात लांबवला अन् माझ्या पदराचं टोक धरलं. पुन्हा पदरच!

"माफ कर."

मी त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"नाही."

पोरगा म्हणे, "आजी, माफ केलं की तुमचंच मन हलकं होईल."

"माझं मन हलकं झालं बापू. काठीनं झालं, गंगूच्या अंगणातल्या बायांनी केलं. तुह्या बापाले विचारून नाही झालं. पाणी तू पाज."

उंबरठ्यावर आली, अन् हात गेला मेला पदराकडं! गंगू पाहून राहिली. माझा हात तिनं नाही, मीच थांबवला. पदर कमरेले खोचला अन् पाटलाच्या दारातून न झटकता उतरली.

गंगूच्या अंगणात औंदाची तूर पडली आहे. काठी मले आता लागत नाही. जिले लागेल तिच्या हातात मी देईन. माफी मात्र देणार नाही. तो जिता आहे तोवर नाही, मेल्यावरही नाही.