मारुतीचे चाळीस पैसे

तारापूरच्या वीजकेंद्राचे बांधकाम चालू होते त्या काळात, साधारण १९६५ साली, बोईसरला माझ्या शेजारच्या खोलीत साताऱ्याकडचे सहा कामगार राहत. त्यांचा एक नियम होता. दर महिन्याला पाळीपाळीने एकाने सर्वांची वर्गणी घेऊन पालघरला जावे, बाजार करावा आणि रात्री जेवणाआधी प्रत्येक खर्च मोठ्याने वाचून दाखवावा.

पुंडलिक त्यांच्यातला फिटर. त्याला स्वस्थ बसणे ठाऊकच नव्हते. गाडीत बसला की खिसा चाचपायचा, उतरला की पुन्हा चाचपायचा. मागच्या महिन्यात पाळी खोलीतल्याच मारुतीची होती; त्याच्या दहा रुपयांच्या किरकोळ खरेदीत चाळीस पैसे कमी भरले, तेव्हा सर्वांदेखत "खाल्लेस कुठं?" असे विचारणारा हाच. वळकटी उचलून मारुती वैतरण्याला रेल्वेच्या कामावर निघून गेला.

या महिन्यात पाळी पुंडलिकची होती. बाजार आटोपून तो पालघरला रंभाबाईंच्या खाणावळीत जेवला. भाकरी, भात, कालवण आणि बोंबलाची चटणी, प्रत्येकी तीन आणे. एका आण्याचे सहा पैसे धरून त्याने प्रत्येक पदार्थापुढे अठरा लिहिले. बेरीज बहात्तर.

"पंचाहत्तर द्या," रंभाबाई म्हणाल्या.

"मावशी, तीन पैसे जास्त लावलेत."

"एक पैसा जास्त नाय! बारा आणे झाले ना? मंग तीन पावल्या ठेवा हितं. तीन पैशासाठी माज्या दारात तमाशा नको."

पुंडलिकने तावातावाने एकेक पावली पाटावर आपटली. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर. तिसऱ्या पावलीवर त्याचा हात थबकला. चार आण्यांचे पंचवीस पैसे होतात, आणि त्याने तर आण्याला सहाच धरले होते; मागच्या महिन्यात मारुतीचा हिशेब तपासतानाही. म्हणजे चार आण्यांमागे एक पैसा, रुपयामागे चार, दहा रुपयांमागे चाळीस.

"काय झालं? जेवान तिखट लागलं का?" रंभाबाईंनी विचारले.

"लागलं, मावशी," एवढेच तो म्हणाला. पोती त्यांच्याच ओसरीवर ठेवून तो स्टेशनकडे धावला. बोईसरची गाडी सोडून त्याने वैतरण्याची पकडली. वाटेत तो दाराशीच उभा होता; बसवेना.

मारुती रुळांलगत खडी पसरत होता. सगळे ऐकून त्याने फावडे टेकवले. पुढचे संभाषण मला पुंडलिकनेच सांगितले.

"चाळीस पैशांसाठी तिकीट काढून आलास? ते कुणाच्या नावावर लिहिणार?"

"माझ्या. चल, आज रात्री सगळ्यांपुढं सांगू."

"मी कशाला येऊ? तेव्हा जेवढ्या मोठ्यानं विचारलंस, तेवढ्याच मोठ्यानं तू सांग." मारुती पुन्हा खडी ओढू लागला. "ऐकून कुणाला मला बोलवावंसं वाटलं, तर इथंच आहे मी."

पुंडलिक पोती घेऊन परतला तेव्हा खोलीत ताटे मांडलेली होती. कुणी "एवढा उशीर?" म्हणेपर्यंत त्याने वाचायला सुरुवात केली होती. त्या महिन्याचा बाजार त्याने नंतर वाचला. आधी मारुतीचे दहा रुपये, एकेका आण्यासकट, इतक्या मोठ्याने वाचले, की भिंतीपलीकडे मला कान लावावा लागला नाही.

वाचून संपले. मग कुणीतरी विचारले, "वैतरण्याला सकाळची पहिली गाडी कधी असते रे?"