पाहुण्यांसाठी घासलेला हौद

गच्चीवरची टाकी धुताना हिरवट, ओलसर वास नाकात गेला आणि मी लातूरच्या घरातून थेट औशाजवळच्या एका शेतात जाऊन पोचले.

तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. आमच्या सरांनी सारं आयुष्य शेवाळाच्या अभ्यासात घातलं होतं. त्या शेतातल्या गुरांच्या हौदात त्यांना एक वेगळंच शेवाळ दिसलं होतं आणि माझा प्रकल्प त्यावरच होणार होता. सरांनी रीतसर निरोप धाडला होता, "रविवारी हौद बघायला येतो."

आम्ही बाटल्या घेऊन पोचलो, तर हौद लख्ख! तळ दिसत होता. शेजारी मालकीणबाई पदराने घाम पुसत उभ्या.

"सकाळपासून घासायलेय, सायेब. कालेजातली मानसं येनार अन् हौद हिरवागार दावू काय?"

माझा प्रकल्प हौदाबाहेरच्या मातीत जिरला होता. मला रडू यायचंच बाकी होतं. सर मात्र इकडेतिकडे बघत होते. कडेला पडलेला काथ्याचा ओला बोळा त्यांनी उचलला आणि बाटलीवर धरून पिळला. हिरवी धार लागली.

"मावशी, हेच न्यायला आलो होतो."

"आता गं बया! ही घाण?" मावशी पोट धरून हसायला लागल्या.

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता पाहुणे येणार म्हटलं की मीही आधी मोरी घासते, आणि त्यांची ती सकाळ मला पुरती कळते.

त्या दिवशी चहा पिऊन निघालो, तर मावशींनी सरांना बजावलं, "पुढच्या बारीला न सांगता या, सायेब. तवर म्या हौदाला हात न्हाई लावनार."