उबीनचं पाणी आणि इराचा शब्द

उबीन बेटावर जायचं ठरलं ते नातीच्या एका बोलण्यावरून. इरा नऊ वर्षांची. मी पुण्यात असलो की फोनवर "हाय आजोबा" म्हणून फोन बापाच्या हाती देणार. २०१५च्या जूनमध्ये परदेशात, पासिर रिस या उपनगरात मुलाकडे राहायला आलो, तरी गाडी 'हाय'च्या पुढे जाईना. मराठीत का बोलत नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "मराठीत सगळं ओल्ड असतं, आजोबा. इथल्या थिंग्जना वर्डच नाहीत, लाह." हे 'लाह' म्हणजे इथल्या बोलण्याचं शेपूट.

मनाला लागलं. परतायला आठवडाच उरला होता, आणि ही पोर आपल्याला कायमची 'हाय'वर सोडणार, अशी धास्ती वाटली. मग तह केला. मी तिला उबीनला सायकल चालवायला न्यायचं, तिने दिवसभर मराठीत बोलायचं.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. पासिर रिसहून चांगी व्हिलेजला बस जाते. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, नारळाच्या दुधातला भात खाऊन घ्या, बेटावर खाण्याचे पर्याय थोडे आहेत. धक्क्यावरची लाकडी बोट पुरेशी माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. भाडं अगदी किरकोळ. सायकली उतरल्या उतरल्या भाड्याने मिळतात, पण ब्रेक आधी दाबून बघा.

पलीकडे पाय ठेवला आणि मी लहानपणीच्या बार्शीच्या शाळेत पोचलो. पत्र्याची घरं, मोकळ्या कोंबड्या, विहिरी. बेटावर नळ नाही. आमच्या वेळच्या कवितांत विहिरी फार असत, त्यामुळे विहीर दिसली की मला अजून चाल आठवते. मी गुणगुणत मागे, इरा पुढे.

उन्हाने ती लाल झाली आणि बाटलीही संपली. एका घरासमोर बाकावर झाकलेली किटली नि पेले ठेवलेले दिसले. ओट्यावरच्या म्हाताऱ्या मलय बाईंनी हातानेच 'घ्या' म्हटलं. अशा बायकांना इथे माकचिक म्हणतात, म्हणजे मावशीच. पाणी उकळून गार केलेलं होतं, किंचित धुराच्या वासाचं.

"इरा, ही पाणपोई."

"पाणपोळी? पण पोळी कुठे आहे?"

मी इतका हसलो की ठसका लागला. माकचिकना कारण हवं होतं. इराने तह तात्पुरता बाजूला ठेवून त्यांना इंग्रजीत समजावलं. आजोबांच्या गावी बाजारच्या दिवशी लोक असंच फुकट पाणी ठेवायचे, हे मी घाईघाईने सांगितलेलंही तिने पुढे पोचवलं. बाई म्हणाल्या, पूर्वी इथे पुष्कळ घरं होती, आता पाहुणेच जास्त. निघताना इरा हळूच म्हणाली, "पाणपोई. नाइस आहे."

बसमध्ये मी तिला शाळेतला एक धडा सांगितला. इंग्लंडातल्या एका गावात गिरण्या आल्या, माणसं भराभर वाढली, आणि एका पंपावर सगळ्या गल्लीच्या बादल्या. नळ, बाग, वाचनालय यायला दोन पिढ्या गेल्या. गिरणीपायी आमच्या बार्शीचंही तेच झालं. पासिर रिसमध्ये मात्र इमारतींच्या जोडीनेच वाचनालय आलं, दवाखाना आला. इरा म्हणाली, "मग त्या पंपवाल्या मुलांनी खेळायचं कुठे?" असा प्रश्न मास्तरांना आम्ही कोणी विचारला नव्हता.

घरी पोचलो तेव्हा इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकवर, दोन चिनी आजोबा पटावरच्या डावावरून वाद घालत होते, शेजारी एका मलय लग्नाचा मांडव घातला जात होता. "आजोबा, व्हॉइड डेकला मराठीत काय?"

पार म्हणावं तर झाड नाही. ओसरी म्हणावं तर ती एका घराची. मला शब्द नाही सापडला, हे मान्य केलं. वाटलं, हरलो.

तिने लिफ्टचं बटण दाबलं. "अंगण आहे, पण खाली. खालंगण?"

पुण्याला परतून महिने झाले. उबीनचं काय उरलं म्हणाल तर पोटऱ्यांतली कळ गेली, धुराचा वास जिभेवर अजून आहे. 'खालंगण' शब्दकोशात नाही, मी पाहिलं. परवा फोन केला, मुलाने उचलला. इरा कुठाय, विचारलं.

"खालंगणात खेळतेय, बाबा," तो म्हणाला. तोही खालीच होता; लांबून तिची हाक आली, "पप्पा, ठेवू नको, मला बोलायचंय."