प्रफुलच्या कोंडबाला मी दोनदा कापलं

मी प्रफुलशी खोटं बोललो होतो. परवा तो गेला. आता ते दुरुस्त करता येणार नाही.

राळेगावजवळचा शेतकरी, वय एक्केचाळीस, एवढं सांगितलं की पुण्यातले मित्र आवाज खाली आणून विचारतात, "म्हणजे...?"

नाही. आत्महत्या नव्हे, हार्ट अटॅक. सकाळी ओट्यावर चहा पिता पिता.

प्रफुल आणि मी यवतमाळला बीएस्सीला एकत्र होतो. कापसाची ती वाईट वर्षं. पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव, आणि आम्ही चौघं रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये राक्षस मारत बसायचो.

माझ्या मावसभावाने एका फँटसी गेमचं पुस्तक झेरॉक्स करून आणलं होतं. एकजण मास्टर होतो, गोष्ट सांगतो, नियम सांभाळतो. बाकीचे आपापलं कॅरेक्टर घेऊन त्या गोष्टीत शिरतात. कुणी तलवारवाला, कुणी जादूगार.

मास्टर अर्थात मी. पुस्तक माझं, हॉल माझा, आईचा चिवडाही माझाच.

बाकी दोघांनी पुस्तकातली भारदस्त इंग्रजी नावं घेतली. प्रफुलने आपल्या आज्याचं नाव ठेवलं. कोंडबा.

आणि कोंडबाला त्याने मल्टिक्लास केलं. म्हणजे एकाच कॅरेक्टरने तलवारही शिकायची आणि जादूही.

"दोन्ही काहून पाहिजे बे तुले?" मी विचारलं.

"मी घरी वेचणी करतो अन् इथं केमिस्ट्री. कोंडबाले काय धाड भरली?"

खरंच तसं होतं. शनिवारी गावी, रविवारी पहाटेपासून वावरात, दुपारच्या एसटीने आमच्याकडे. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली असायची. फासा वाईट पडला की तो बोटांना शिव्या द्यायचा.

आता नियमाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

दोन्ही येणारा माणूस बाकीच्यांना भारी पडू नये, म्हणून पुस्तकात त्याला जरा मागे ठेवलं होतं. राक्षस मारून पॉइंट्स मिळतात, ते साठले की लेव्हल वाढते. त्याने ते पॉइंट्स दोन क्लासमध्ये, म्हणजे तलवार आणि जादूत, अर्धे अर्धे वाटायचे. बस. तेवढ्याने तो बाकीच्यांच्या एक-दोन लेव्हल मागे राहतो, आणि गेम बरोबर तोलला जातो.

मी पॉइंट्स अर्धे केले, आणि वर पुढच्या लेव्हलसाठी त्याला दुप्पट पॉइंट्स लागतील असंही ठरवलं.

आधी ती चूक होती. इंग्रजी माझंही बेताचंच. दोन महिन्यांनी ते पान पुन्हा वाचलं तेव्हा कळलं.

आणि मी गप्प बसलो.

कारण सांगायला लाज वाटते. गेम सुरू झाला तेव्हा आठवडाभर खपून बनवलेला माझा राक्षस कोंडबाने दोन डावांत लोळवला होता. सगळे हसले होते. ते मी विसरलो नव्हतो. शिवाय मास्टर चुकतो हे कबूल कोण करणार?

पुढच्याच रविवारी प्रफुल वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करून आला.

"अव्या, तू मले दोनदा कापून राह्यला. एकदा पॉइंट वाटतानी, एकदा लेव्हल देतानी."

"पुस्तकात तसंच आहे."

"पाह्यलं ना तू?"

"पाह्यलं."

"मग ठीक आहे."

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. त्याने मागितलंसुद्धा नाही.

बाकीचे सातव्या लेव्हलला पोचले तेव्हा कोंडबा दोन्हीकडे तिसऱ्यावर रखडला होता. लढाईत बाकीचे त्याला मागे उभं करायचे. "तू सामान सांभाळ, कोंडबा." प्रफुलही हसायचा.

एका रविवारी त्याने खोडरबर मागितलं आणि कोंडबाच्या कागदावरची जादू खोडून टाकली.

"नुसता तलवारवाला ठेव. दोन्ही नाही जमत बा."

त्याच हंगामात त्याने फायनल इयर सोडलं.

गेममुळे सोडलं असं मी म्हणत नाही. बाबांची तब्येत, पडलेला भाव, न मिळणारे मजूर, कारणं भरपूर होती. त्याला हे सांगितलं असतं तर तोच म्हणाला असता, "जास्त शहाणा नको होऊ बे."

पण दोन्ही करता येतं की नाही हे तो एका ठिकाणी करून बघत होता. आणि तिथला मास्टर मी होतो.

मी पुण्याला आलो. पोळ्याला त्याचा फोन ठरलेला. दरवेळी मनात यायचं, आज सांगू. मग वाटायचं, इतक्या वर्षांपूर्वीचा खेळ, कशाला उकरायचा? आणि मी पावसाचं विचारायचो.

काल त्याच्या गावी गेलो. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्याची मुलगी नववीत आहे. श्रावणी. मी अव्या, हे कळल्यावर ती आतून एक दोनशे पानी वही घेऊन आली.

"काका, बाबा आमाले हा गेम शिकवत होते. मले अन् माह्या दोन चुलतभावाले."

सगळे नियम त्याने आठवून आठवून स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. मल्टिक्लासच्या पानावर लिहिलं होतं, पॉइंट अर्धे, लेव्हलला दुप्पट.

"माह्यं कॅरेक्टर दोन्ही शिकते," ती म्हणाली. "म्हणून लय मागं राह्यते. मी बाबासंग भांडली बी. ते म्हणे, नियमच तसा आहे, अव्याने पुस्तकात पाह्यला आहे."

तिथे मात्र मला खोटं बोलवलं नाही. मी सांगितलं की तो नियम चुकीचा आहे, आणि मला तेव्हाच माहीत होतं.

तिने ते पान पुन्हा वाचलं. रडली नाही, चिडलीही नाही. नुसतं विचारलं,

"मग बाबा होते तवा काहून नाही सांगतलं, काका?"

 

श्रद्धांजलीचे चांगले शब्द बाकीचे लिहितील. मला एवढंच लिहायचं आहे.

प्रफुल, तुझी आकडेमोड बरोबर होती.

माफ कर बे.