पाठीमागची सिगारेट

आमच्या बसथांब्यावर रोज सकाळी एक तिशीतला गृहस्थ सिगारेट ओढत उभा असतो. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला दमा आहे. मागे एकदा मी त्याला म्हटलं, "जरा लांब जाऊन ओढा ना." तो हसून म्हणाला, "मॅडम, उघड्यावर तर आहे. धूर जातो वर."

आज समोरून त्याच्या ओळखीचे एक वयस्कर काका आले. त्यांना पाहताच त्याने सिगारेट चटकन पाठीमागे लपवली आणि वाकून "नमस्कार काका" म्हणाला. मोठ्यांसमोर ओढायची नाही, ही आपली जुनी रीत. त्याच्या पाठीमागे आम्ही दोघी होतो, आणि आमच्या मागे उघडं गटार. पेटती सिगारेट बरोबर माझ्या मुलीच्या तोंडासमोर आली आणि त्यांच्या गप्पा संपेपर्यंत तिथेच धुमसत राहिली.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे याला लाज आहे, धाकही आहे. धुराने कुणाचा तरी अपमान होतो, एवढं त्याला नेमकं कळतं. फक्त समोरचं माणूस वयाने मोठं हवं. लहानांच्या छातीचा मान राखायची रीत आपल्याकडे कुणी पाडलीच नाही.

मुलगी खोकू लागली. मी पिशवीतून तिचा पंप काढला. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मलाच सुनावलं, "सकाळच्या गारठ्यात पोरीला स्वेटर घालत जा बाई."

त्यानेही गंभीरपणे मान डोलावली. हात अजून पाठीमागेच होता.