कातर धरायचा हात

माझे सासरे धुळाप्पा माणसांशी बोलायला कंजूष, पण मेंढरांशी मात्र दिवसभर गप्पा मारत. मी त्यांना मामा म्हणते, माझे मालक आण्णा म्हणतात. माकणीच्या धरणाकाठी आमची मेंढरं चरतात आणि लोकर कातरावी तर मामांनीच, असं आसपासच्या गावांत म्हणत. नवी नवरी असताना मला वाटायचं, त्यात काय एवढं? एकदा मी कातर हातात घेतली आणि मेंढीनं अशी लाथ घातली की आठवडाभर लंगडत होते. मामा त्यावर हसलेसुद्धा नाहीत. फक्त म्हणाले, "तिला आधी इचारायचं असतंय."

आषाढात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं चालू लागला, तोंडही सरळ झालं, हात तेवढा उठेना. मामांना घोर एकच, दसऱ्यानंतरच्या कातरणीचा. आमच्यात भाऊबंद मिळून एकमेकांची मेंढरं कातरतात, पण पहिली कातर घरच्या कारभाऱ्यानं लावायची. त्यानं लोकर पाडल्याशिवाय दुसरं कुणी मेंढराला शिवत नाही. "तवर हात आला पायजे," एवढंच ते म्हणत.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी आम्हाला महिना-दोन महिन्यांसाठी एक यंत्र दिलं. ते टीव्हीला जोडायचं आणि समोर खुर्चीत बसायचं. मामांनी हात वर नेला की पडद्यावरचा हात वर जायचा, मामांनी मूठ मिटली की आंबा तुटून टोपलीत पडायचा. लहान पोरांचा गेमच तो. किती आंबे पडले ते मॅडमना त्यांच्या मोबाईलवर दिसायचं. मॅडमनी मला बजावून सांगितलं होतं, "आंबे कमी पडले तरी चालतील. हाताला आधार मात्र द्यायचा नाही. त्यांचा हात त्यांनीच उचलायला हवा."

पहिल्या दिवशी एकच आंबा पडला. मामांची बंडी घामानं भिजली, पण चेहऱ्यावर हसू होतं. आजारानंतर मी ते पहिल्यांदा बघितलं आणि आत जाऊन रडून घेतलं.

मग गाव भेटायला येऊ लागलं. आजाऱ्याला भेटणं हे आमच्याकडं पुण्याचं काम. बिस्किटाचा पुडा आणायचा, चहा प्यायचा आणि जाताना घरच्यांना दोन शब्द सुनवायचे. मामा खुर्चीत धडपडताहेत आणि बायको, सून नुसत्या बघत बसल्यात, हे कुणालाच बघवेना. शेजारच्या उमाबाई तर तोंडावरच म्हणाल्या, "गजराबाई, धन्याला असं राबवताव व्हय? हात तरी धरा की त्येंचा!"

गजराबाई म्हणजे आत्या, माझ्या सासूबाई. त्यांच्या जिवाला ते लागलं. त्यांनी मामांच्या कोपराखाली आपला तळवा घातला, दुसऱ्या हातानं त्यांची मूठ दाबली. आंबे पटापट पडायला लागले. बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. कुस्तीचा फडच जणू!

"आत्या, हात सोडा. मॅडमनी नको म्हणलंय," मी म्हणाले.

"तुज्या बापाचा हात असता तर सोडला असतास का गं?"

झालं. त्या दिवसापासून मी निर्दय सून ठरले. आत्या त्यांना घासही भरवायच्या, पाण्याचा तांब्याही तोंडाला लावायच्या. प्रेमच होतं ते, नाही कोण म्हणतं? पण त्या प्रेमाचा मला संताप यायचा. मामा आधी मान हलवून नको म्हणत. मग टाळ्यांची त्यांनाही गोडी लागली. आपलाच हात चालतोय असं त्यांना वाटू लागलं. माझे मालक भागवत एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. ते रोज टीव्हीवरच्या आकड्यांचा फोटो काढून डेपोत दाखवत फिरायचे.

भाद्रपदात मॅडमचा फोन आला. कौतुकानं म्हणाल्या, "बाबांनी कमाल केली! आता यंत्र तामलवाडीच्या एका बाईंना देऊ या, त्यांचा हात अजून उठत नाही."

"मॅडम, ते आंबे मामांनी नाही—" मी एवढंच बोलले. मालकांनी फोन हिसकावून घेतला. "घरातलं भाईर सांगतीस? आण्णा खोटं खेळले म्हून सांगणार हायस?" पुढच्याच दिवशी त्यांनी यंत्र स्वतः नेऊन दिलं.

कातरणीला भाऊबंद आले. मामांनी धुवट पटका बांधला होता. मालकांनी मेंढी आडवी करून पुढ्यात धरली, आत्यांनी कातरीला हळद-कुंकू लावलं. मामांनी डाव्या हातानं कातर उचलून उजव्या हातात ठेवली. बोटं मिटेनात. दात-ओठ खाऊन त्यांनी हात पुढं रेटला आणि कातर मातीत पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मेंढी निवांत पडून होती.

आत्या पुढं सरकल्या आणि सवयीनं त्यांनी कोपराखाली तळवा घातला.

मामा त्यांच्याकडं बघत राहिले. मग आवाज न चढवता म्हणाले, "तुजा हात लई चालला, गजरा. माजा तेवढा ऱ्हायला."

त्यांनी कातर डाव्या हातानं पुतण्याच्या, योगीराजच्या पुढ्यात सरकवली आणि काठी टेकत वाघराबाहेर, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाबाहेर, निघून गेले. आत्या पदर तोंडाला लावून तिथंच बसल्या. "म्या काय वाईट केलं गं?" त्यांनी मला विचारलं. मला त्यांची दया आली आणि रागही आला. राग जास्त आला. योगीराजनं पहिली लोकर पाडली होती, मी ती गोळा करायला लागले.